पुढे सरका, आत जागा आहे

पुण्यात पीएमपीच्या नावाने बोटं मोडायला कुणाला निमित्त लागत नाही. गाडी वेळेवर येत नाही, आली तर थांबत नाही, थांबली तर थांब्याच्या पंधरा पावलं पुढे थांबते, आणि चढलो तर पाय ठेवायला जागा नसते. यातलं बरंचसं खरं आहे. शहर वाढलं त्या मानाने गाड्या वाढल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्या रिक्षा-दुचाक्यांच्या मागून रखडत चालतात. त्याबद्दल ज्याला जाब विचारायचा त्याला जरूर विचारावा. मला बोलायचंय ते मात्र गाडी थांब्यावर उभी असते त्या अर्ध्या-पाऊण मिनिटाबद्दल. हा वेळ महामंडळाच्या हातात नसतो, ड्रायव्हरच्याही फारसा नसतो. तो प्रवाशांचा असतो, आणि तो आपण कसा घालवतो हे संध्याकाळी स्वारगेटला कुठल्याही गाडीच्या दारात बघायला मिळतं.

पाऊण तास गाडी नाही आणि मग एकामागोमाग तीन, हे कुणी अनुभवलं नाही? आपण म्हणतो, हे सगळे डेपोत चहा पीत बसतात आणि एकदम सुटतात. तसंही कधी होत असेल. पण पुष्कळदा गाड्या ठरलेल्या अंतरानेच सुटलेल्या असतात आणि वाटेत एकमेकींना गाठतात. कसं ते बघा. समजा, स्वारगेटहून कात्रजला दर दहा मिनिटांनी गाडी सुटते आणि प्रत्येक थांब्यावर मिनिटाला दोन माणसं येऊन उभी राहतात. एका गाडीला सुरुवातीलाच तीन मिनिटं जास्त लागली. आता पद्मावतीला तिच्यासाठी विसाऐवजी सव्वीस माणसं उभी आहेत. सव्वीस माणसं चढायची म्हणजे आणखी उशीर, म्हणून बालाजीनगरला गर्दी त्याहून जास्त. भारती विद्यापीठापर्यंत तिच्या दारात लोक लोंबकळायला लागतात. तिच्या मागची गाडी वेळेवर निघालेली असते, पण तिच्या वाटची माणसं आधीच उचलली गेलेली. ती भराभर थांबे सोडत पुढे येते आणि कात्रजच्या आधीच पहिलीच्या मागे येऊन लागते. पुढची खचाखच, मागची निम्मी रिकामी.

म्हणून कंडक्टर जेव्हा ओरडतो, ‘मागून गाडी आहे, रिकामी आहे, तिच्यात या,’ तेव्हा त्याला खोटं समजू नका. तो आपल्याला टाळतोय असं वाटतं खरं, आणि कधी टाळतही असेल, पण गाडी उशिरा आलेली आणि भरलेली असेल तर मागची जवळ असण्याची शक्यता बरीच असते. आता तर खात्री करायचीही सोय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप सुरू झालं, त्यात गाडी कुठवर आली ते नकाशावर दिसतं. ते नेहमी तंतोतंत असेल असं नाही, पण मागची गाडी दोन थांब्यांवर आहे की डेपोतच आहे एवढं कळलं तरी पुरतं. ती जवळ असेल तर पुढच्या गाडीच्या पायरीवर एका पायाने लटकण्यात काही शहाणपण नाही.

या सगळ्या उशिराची सुरुवात बहुतेक वेळा दारात होते. जरा जवळून बघा. गाडी येते. थांब्यावरचे लोक थांब्यावर नसतातच, ते रस्त्यावर उतरून दोन लेन पुढे गेलेले असतात, कारण थांब्यापुढे दोन रिक्षा आणि एक पाणीपुरीची गाडी उभी असते. ड्रायव्हर मग रस्त्याच्या मधेच थांबतो. सगळे मागच्या दारावर धावतात. पहिला गडी एक पाय पायरीवर ठेवतो, दांडा धरतो आणि मग विचारतो, ‘ही अप्परला जाते का?’ कंडक्टर आतून काहीतरी म्हणतो, ते ऐकू येत नाही. ‘काय?’ ‘कात्रज, कात्रज!’ ‘मग अप्परची कधी?’ मागे बारा माणसं. शेवटी तो उतरतो, तर आता आतून एका मावशींना उतरायचं असतं, त्या दोन पिशव्या घेऊन चढणाऱ्यांच्या छातीवर येतात. हे सगळं मिटून गाडी भरते, तेव्हा मागच्या दाराशी मुंगी शिरायला जागा नसते आणि गाडीच्या मध्यावर चार माणसं हात पसरून निवांत उभी असतात. तिथे जागा असते, पण तिथवर जायला कुणी तयार नसतं, कारण ‘मला दोनच थांबे जायचंय.’

तर पहिली विनंती ही, की चौकशी थांब्यावर करा, पायरीवर नको. गाडीच्या कपाळावर पाटी असते, बहुतेक गाड्यांना आता दिव्याची असते, तिच्यावर नंबर आणि शेवटचं ठिकाण लिहिलेलं असतं. ते लांबून वाचता येत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. पुण्यात पत्ता सांगायला माणसं कंटाळतात असा लौकिक आहे. थांब्यावर मात्र लोक आनंदाने सांगतात, कधीकधी तीन जण तीन वेगवेगळे नंबर सांगतात. निदान आपला नंबर तरी घरून पाठ करून निघा. आणि आपली गाडी दिसली की हात दाखवा. एका थांब्यावर दहा-दहा मार्गांच्या गाड्या थांबतात, आपल्याला कुठली हवी हे ड्रायव्हरला कळणार कसं? मोबाइलमध्ये मान घालून उभं राहायचं आणि गाडी गेली की ‘थांबवलीच नाही’ म्हणायचं, हे काही खरं नाही.

दुसरी विनंती दाराची. मागून चढायचं, पुढून उतरायचं, हा नियम पुण्यात प्रत्येकाला माहीत आहे आणि बहुतेकांना तो दुसऱ्यांसाठी वाटतो. त्यामागचं कारण साधं आहे: माणसांचा ओघ एकाच दिशेने राहिला की कुणी कुणाला आडवं येत नाही. म्हातारी माणसं, गरोदर बायका, काठी किंवा कुबडी घेतलेले लोक पुढून चढले तर सहसा कुणी हरकत घेत नाही, घेऊही नये. धडधाकट कॉलेजकुमारांनी मात्र पुढच्या दाराचा नाद सोडावा. चढल्यावर, दोन थांब्यांवर उतरायचं असो की दहा, पुढे सरकायचं. उतरायचं पुढूनच आहे, मग मागच्या दाराला चिकटून काय मिळणार? ज्याला दोनच थांबे जायचंय त्याने तर सगळ्यात आधी पुढे जायला हवं.

रांगेबद्दल बोलायला थोडा संकोच वाटतो, कारण मुंबईचे पाहुणे यावरून आपल्याला टोचतात आणि त्यांचं बरोबर असतं. बेस्टच्या थांब्यावर वर्षानुवर्षं लोक एकामागे एक उभे राहतात, आणि मध्ये घुसणाऱ्याला कंडक्टरने काही म्हणायच्या आधी रांगच सरळ करते. आपल्याकडे एका थांब्यावर इतक्या मार्गांच्या गाड्या येतात की एकच रांग जमत नाही, हे मान्य. पण जो आधी आला त्याला आधी चढू द्यायला रांग लागत नाही, नजर पुरते. आणि उतरणारे उतरेपर्यंत दाराच्या बाजूला उभं राहायला तर काहीच लागत नाही.

रेटारेटीचा आणखी एक तोटा आहे, तो खिशाला बसतो. चढताना झालेल्या गर्दीत पाकीट मारलं, बाईच्या हातातली बांगडी कापून नेली, अशा बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतच असतात. चोराला गाडीच्या आतली गर्दी तितकी सोयीची नसते जितकी दारातली. तिथे सगळ्यांचे हात वर असतात, लक्ष पायरीकडे असतं आणि काम झालं की त्याला गाडीत चढायचीही गरज नसते. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. सोनं घालून निघालेल्या आजींना एखादी गाडी सोडायला लागली तरी चालेल, पण धक्काबुक्कीत चढवू नका.

आता तिकिटाचं. १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं वाढलं तेव्हा बरीच ओरड झाली, आणि पाच रुपयांत दोन किलोमीटर जाणाऱ्याला ती करायचा हक्कच होता. पण त्या फेरबदलात एक सोय झाली. आता पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, असे टप्पे आहेत. म्हणजे पाचाच्या नाण्याची भानगड गेली. दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेवल्या की काम झालं. तरीही सकाळी साडेआठला दहा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढणारे भेटतातच, आणि वर कंडक्टरलाच म्हणतात, ‘सुट्टे ठेवायला काय होतं तुम्हाला?’ कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर कोडही दिसतो, मोबाइलवरून पैसे देता येतात. मात्र कंडक्टर समोर आल्यावर ॲप उघडायचं, मग नेट नाही म्हणून खिडकीकडे हात लांब करायचा, मग पासवर्ड आठवायचा, हे नको. तो दोन सीट मागे असतानाच तयार राहा. आणि उतरायचं ठिकाण सांगताना थांब्याचं नाव सांगा. ‘ते नवीन हॉस्पिटल झालंय ना, त्याच्या अलीकडे’ हे मशीनमध्ये नसतं.

पास काढावा की नाही याचं गणित पुष्कळ जण करतच नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपयांचा आहे आणि महिन्याचा १,५०० रुपयांचा. महिन्यात पंचवीस दिवस कामावर जाणारा आणि जाता-येता प्रत्येकी ३० रुपये देणारा माणूस बरोबर १,५०० खर्च करतो, म्हणजे त्याला पास काढला काय, न काढला काय, सारखंच. फक्त रोज सुट्टे शोधायचा ताप वाचतो. जाता-येता ४० लागत असतील किंवा वाटेत गाडी बदलावी लागत असेल तर पास काढाच. २० लागत असतील तर नका काढू, महिन्याला हजारातच भागतं. दिवसाचा पास चार ठिकाणी कामं असतील तेव्हा कामाचा: सकाळी बँक, दुपारी दवाखाना, संध्याकाळी कुणाकडे बारसं. प्रत्येक वेळी २० रुपये धरले तर चौथ्या गाडीला पैसे वसूल.

तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा, त्याची गोळी करून खिडकीबाहेर टाकू नका. तपासनीस कधीही चढतो हे एक. दुसरं असं, की गाडीत छत्री, डबा, फाइल विसरली किंवा कुणाशी वाद झाला, तर कुठली गाडी, किती वाजता, कुठला मार्ग हे तिकिटावरून सांगता येतं. तक्रार करायची असेल तर ती अशीच, तपशिलासकट आणि नंतर करावी. भर गाडीत कंडक्टरशी भांडून पन्नास माणसांचा वेळ जातो आणि निकाल काहीच लागत नाही. दिवसभर उभ्याने तेच तेच चार प्रश्न ऐकणारा तोही माणूस आहे. ‘काका, जरा कात्रजचं एक द्या,’ आणि ‘ए, कात्रज,’ या दोन्हींचं भाडं सारखंच पडतं.

उभं राहायचीही एक पद्धत असते. पाठीवरची सॅक काढून पोटाशी घ्या किंवा दोन पायांच्या मध्ये ठेवा. लॅपटॉपची भरलेली सॅक पाठीवर असली की एक माणूस दोघांची जागा अडवतो, आणि तो वळला की मागच्या सीटवरच्या आजोबांच्या चष्म्याला लागते. त्याला पत्ताही नसतो. तोंड खिडकीकडे करून, दोन पायांत गाडीच्या दिशेने थोडं अंतर ठेवून, उभा दांडा छातीच्या उंचीला धरला की अचानक ब्रेक लागला तरी तोल जात नाही. वरच्या कडीला नुसती दोन बोटं अडकवून दुसऱ्या हाताने मोबाइल बघणाराच आधी दुसऱ्याच्या अंगावर जातो. पाठीचं दुखणं असेल तर मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट रिकामी दिसली तरी मोहात पडू नका. पुण्यातले गतिरोधक तिथे दामदुपटीने लागतात.

डाव्या बाजूच्या सीट बायकांच्या, हे आपल्याकडे लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतं. तरीही तिथे बसून गाढ झोपेचं सोंग घेणारे बाप्ये रोज भेटतात. सोंग अशासाठी म्हणायचं, की त्यांचा थांबा आला की डोळे आपोआप उघडतात. रिकामी असेल तर जरूर बसा, बाई आली की न सांगता उठा, यात कमीपणा कसला? उलट बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी, रागावू नका. डावीकडे जागा असताना तरुण मुली उजवीकडे बसतात आणि मग साठीचे गृहस्थ उभे राहतात, असं होतं तेव्हा एखादीने डावीकडे सरकायला हरकत नाही. (कात्रज-धनकवडीकडून सकाळी गावात जाताना ऊन उजवीकडून येतं आणि संध्याकाळी परततानाही उजवीकडूनच, हा आणखी एक फायदा आहे, दोन्ही वेळा डावी बाजू सावलीत.) ज्येष्ठांना उठून जागा देताना ‘बसा आजोबा’ एवढं म्हणून बाजूला व्हा. ते नको म्हणाले तर आग्रह करू नका, काहींना अजून आजोबा व्हायचं नसतं.

गर्दीचा फायदा घेऊन बाईच्या अंगाशी येणाऱ्यांबद्दल मात्र सौम्यपणे बोलायची गरज नाही. ताईंनो, गप्प राहू नका. मोठ्याने बोला, कंडक्टरला हाक मारा, आणि माणूस ऐकत नसेल तर गाडी पोलीस चौकीशी घ्यायला सांगा. ११२ हा नंबर लावायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि भोवती उभ्या असलेल्या बाप्यांनी, बाई ओरडली की खिडकीबाहेर बघायचं सोडून तिच्या बाजूला येऊन उभं राहावं. मारामारी करायला कुणी सांगत नाही. दोघे-तिघे वळून बघायला लागले की असली माणसं पुढच्या थांब्यावर उतरून जातात.

मोबाइलवर मोठ्या आवाजात रील बघणं, स्पीकरवर घरची भांडणं ऐकवणं, खिडकीतून थुंकणं याबद्दल काय सांगायचं? थुंकणाऱ्याने एकदा हेल्मेट घालून गाडीच्या डाव्या बाजूने स्कूटर चालवून बघावी.

पावसाळ्यात दोन गोष्टी कराव्यात. रेनकोट थांब्यावरच काढून झटकावा, आणि छत्री पायरीवर पाय ठेवायच्या आधी मिटावी, टोक खाली करून. छत्री मिटता मिटता दारात उभा राहणारा माणूस मागच्या सगळ्यांना भिजवतो आणि गाडीलाही खोळंबवतो. ओली छत्री शेजाऱ्याच्या मांडीला टेकवू नये हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आता उतरण्याचं, कारण खरा धोका तिथे आहे. आपला थांबा यायच्या एक थांबा आधी पुढच्या दाराकडे निघा, ‘उतरायचंय का?’ असं पुढच्याला विचारत गेलं की तो स्वतःहून वाट देतो. थांबा आल्यावर मागून ‘थांबा, थांबा’ करत उठू नका. कंडक्टरने डबल बेल दिली की गाडी सुटलीच समजा. चालत्या गाडीतून उडी मारण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे या, पुण्यात दोन थांब्यांत अंतर असतंच किती. काही बीआरटी थांब्यांवर दार उजवीकडचं उघडतं, तिथे अंदाज घेऊन आधीच त्या बाजूला या, आणि बाहेर पडल्यावर बसच्या मार्गिकेतून आडवं पळू नका. तिथे गाड्या वेगात असतात, सिग्नलपाशी पांढऱ्या पट्ट्यांवरून जा.

पायरीवरून पाय खाली टाकायच्या आधी डावीकडे, मागच्या बाजूला बघा. गाडी फुटपाथला लागून उभी राहत नाही आणि मधल्या त्या चार फुटांच्या फटीतून दुचाकीवाले जोरात येतात, त्यांना बसमधून माणूस उतरेल असं सुचतच नाही. लहान मूल बरोबर असेल तर आधी आपण उतरा, मग मुलाला हात द्या. आणि उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसाल, पण त्याच्या उजवीकडून पुढे काढणाऱ्याला दिसत नाही, आणि तुम्हालाही तो दिसत नाही. गाडी निघून जाऊ द्या, दोन्ही बाजूंचा रस्ता दिसू द्या, मग ओलांडा.